संमतीपत्रातलं एक वाक्य : जुन्या भ्रूण-मूलपेशींच्या सरकारी मान्यतेचं प्रकरण (अमेरिका, २००१ ते २०११)

डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, एका विद्यापीठाच्या २७ भ्रूणीय स्टेम सेल लाइन्सना (म्हणजे भ्रूणातून काढून प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या मूलपेशींच्या वाणांना) मान्यता दिली. सोबत एक अट घातली: सरकारी अनुदानातून काम करायचं असेल, तर या पेशी स्वादुपिंडाशी संबंधित संशोधनातच वापरायच्या. पुढे सहा महिन्यांनी, जून २०१० मध्ये, दुसऱ्या एका केंद्राच्या ४० हून अधिक लाइन्स तिने पूर्णपणे नाकारल्या. पेशींच्या गुणवत्तेवर दोन्ही वेळा कोणी बोट ठेवलं नव्हतं. भ्रूण देणाऱ्या जोडप्यांनी कित्येक वर्षांपूर्वी ज्या कागदावर सही केली, त्या कागदातल्या एकेका वाक्यावर हे निर्णय झाले. विद्यापीठाला इथे ‘क’ आणि दुसऱ्या केंद्राला ‘ख’ म्हटलं आहे. दात्यांची नावं प्रसिद्ध कागदपत्रांत कुठेच नाहीत.

पार्श्वभूमी

आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर भ्रूण तयार करण्याच्या वंध्यत्व-उपचारात, एका चक्रात बहुधा गरजेपेक्षा जास्त भ्रूण तयार होतात. उरलेले द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवले जातात. कुटुंब पूर्ण झालं की त्यांचं काय करायचं, हे जोडप्याने ठरवायचं असतं: साठवण चालू ठेवायची, टाकून द्यायचे, दुसऱ्या जोडप्याला द्यायचे किंवा संशोधनाला द्यायचे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार अमेरिकेत असे जवळपास चार लाख भ्रूण गोठवलेले होते आणि त्यांतले २.८ टक्के, म्हणजे सुमारे ११,०००, संशोधनासाठी राखलेले होते. ‘लाखो भ्रूण नाहीतरी वाया जाणारच आहेत’ असं सभांमधून सांगितलं जायचं. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक जोडप्यांनी स्वतःच्या पुढच्या उपचारासाठी ठेवलेले होते.

लाइन तयार करताना पाचव्या-सहाव्या दिवशीचा भ्रूण घेतात. या अवस्थेला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. शे-दोनशे पेशींचा हा पोकळ गोळा असतो. बाहेरचं कवच विकराने विरघळवतात, बाहेरच्या थरातल्या पेशी प्रतिपिंडं वापरून मारतात आणि आतला पेशीपुंज वेगळा काढून उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवतात. आठवड्यातून एकदा तरी वसाहती फोडून नव्या बशीत घालाव्या लागतात. महिनोन्‌महिने असं केल्यावरही पेशी अविभेदित (म्हणजे कोणत्याही ठरावीक अवयवाच्या पेशींत न बदललेल्या) राहिल्या आणि गुणसूत्रं शाबूत राहिली, तरच ती लाइन म्हणायची. जेम्स थॉमसन यांच्या विस्कॉन्सिनमधल्या गटाने नोव्हेंबर १९९८ मध्ये पहिलं यश जाहीर केलं तेव्हाचा हिशोब असा होता: ३६ भ्रूण, त्यांतून १४ पेशीपुंज, त्यांतून ५ लाइन्स. या प्रक्रियेत भ्रूण उरत नाही, आणि राजकीय भांडण नेमकं तिथे सुरू होतं.

१९९६ पासून अमेरिकेच्या दरवर्षीच्या अर्थसंकल्पी कायद्यात डिकी-विकर नावाची तरतूद आहे. संशोधनासाठी भ्रूण तयार करणं किंवा ज्यात भ्रूण नष्ट होतो असं संशोधन करणं, यासाठी केंद्राचा पैसा वापरता येत नाही. जानेवारी १९९९ मध्ये आरोग्य खात्याच्या वकिलांनी तिचा अर्थ लावला: भ्रूणातून काढलेली पेशी हा भ्रूण नव्हे, त्यामुळे भ्रूण खासगी पैशाने फोडला गेला असेल तर नंतरच्या पेशींवर सरकारी पैसा खर्च करता येईल. विरोधकांना ही पळवाट वाटली, आणि तसं वाटणं अगदीच अवाजवी नव्हतं. तरी पुढची सगळी धोरणं, बुश यांचं आणि ओबामांचं, याच अर्थावर उभी राहिली.

पहिला निर्णय : तारखेची रेघ

९ ऑगस्ट २००१ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष बुश यांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केलं की, त्या दिवशी रात्री नऊपर्यंत ज्यांचं काम सुरू झालं आहे अशाच लाइन्सवर केंद्राचा पैसा खर्च होईल. झालेलं झालं, पुढच्या भ्रूणहत्येला सरकार उत्तेजन देणार नाही, असा त्यामागचा विचार होता. तारखेसोबत आणखी अटी होत्या: भ्रूण अपत्यासाठीच तयार केलेला आणि आता नको असलेला असावा, संमती घेतलेली असावी, मोबदला दिलेला नसावा. पण संमतीपत्रात काय लिहिलेलं असायला हवं, याबद्दल काहीही सांगितलं नव्हतं. सगळं लक्ष तारखेवर होतं.

त्याच महिन्याच्या अखेरीस एनआयएचने यादी काढली: दहा संस्था, ६४ लाइन्स. त्यांत गोटेबोर्ग विद्यापीठाच्या १९, कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या ९ आणि विस्कॉन्सिनच्या ५ होत्या. मराठी वर्तमानपत्रांनी उचलून धरावी अशी एक नोंदही त्यात होती: मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या ७ लाइन्स. शिवाय बंगळूरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या ३. जगातल्या ६४ पैकी १० भारतात, असं चित्र उभं राहिलं.

चित्र फसवं होतं. ‘काम सुरू झालं’ याची व्याख्या आतला पेशीपुंज भ्रूणातून बाहेर काढला गेला एवढीच होती. बशीत चिकटलेला पुंज आणि वर्षभर वाढवून तपासलेली, गोठवून पुन्हा जिवंत करता येणारी लाइन यादीत एकाच रकान्यात बसल्या. पुढे यादी ७८ पर्यंत फुगली, पण संशोधकांच्या हाती खरोखर पडल्या त्या फक्त २१, सहा संस्थांकडून. दोन्ही भारतीय संस्थांचं नाव त्या सहांत नाही. काही पुंज वाढलेच नाहीत. काही संस्थांकडे मोठ्या संख्येने वाढवून, तपासून पाठवण्याची व्यवस्था नव्हती. भारतातून मानवी पेशी परदेशी पाठवायच्या तर केंद्र सरकारची परवानगी लागत होती. विस्कॉन्सिनच्या लाइन्ससाठी सुरुवातीला विद्यापीठांना ५,००० डॉलर आणि सोबत एक करारनामा द्यावा लागायचा.

मिळालेल्या २१ लाइन्समध्येही अडचणी होत्या. त्या उंदरांच्या पेशींवर वाढल्या होत्या. २००५ मध्ये असं दिसून आलं की अशा वाढीत मानवी पेशी प्राण्यांमधलं एक सायॅलिक आम्ल (साखरेसारखा एक रेणू) आपल्या पृष्ठभागावर घेतात आणि माणसाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं असतात. दीर्घकाळ वाढवलेल्या लाइन्समध्ये १२ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे वाढीव तुकडेही आढळू लागले होते. संग्रह छोटा आणि बंदिस्त, त्यात बदल करायला वाव नाही, आणि तो वर्षागणिक जुना होतोय, अशी स्थिती झाली.

म्हणून काम खासगी पैशाकडे वळलं. ‘क’ विद्यापीठाच्या गटाने मधुमेहाशी निगडित देणगीदारांच्या आणि खासगी संशोधन निधीच्या जोरावर नव्या लाइन्स केल्या, २००४ मध्ये १७ जाहीर केल्या आणि मागणाऱ्या प्रयोगशाळांना देऊ लागले. ‘ख’ या केंद्राचं नाव गर्भरोपणापूर्वीच्या जनुकीय तपासणीत मोठं होतं. तपासणीत आजार सापडल्यामुळे जोडप्यांनी न वापरलेले भ्रूण घेऊन त्यांनी हंटिंग्टन, ड्युशेन स्नायुक्षय, मार्फान, थॅलेसेमिया अशा विकारांचे जनुकीय दोष असलेल्या लाइन्स तयार केल्या. अशा लाइन्स त्या काळी फार दुर्मीळ होत्या.

सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रयोगशाळेला यादीबाहेरच्या लाइनवर काम करायचं तर वेगळी खोली, वेगळं इन्क्युबेटर, वेगळा सूक्ष्मदर्शक लागायचा. पिपेट कोणत्या खात्यातून आलं, याचाही हिशोब ठेवावा लागे. काही ठिकाणी उपकरणांवर रंगीत ठिपके चिकटवलेले असत. भ्रूणाच्या नैतिक दर्जाचा प्रश्न अशा रीतीने खरेदी-पावत्यांच्या फायलीत उतरला होता. अमेरिकी संसदेने तारखेची अट उठवणारं विधेयक दोनदा संमत केलं, २००६ आणि २००७ मध्ये, आणि बुश यांनी दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. पहिल्या वेळी त्यांच्याभोवती दत्तक भ्रूणांपासून जन्मलेली मुलं उभी केली होती. या राजकारणात प्रतिमा किती प्रभावी ठरतात, हे दोन्ही बाजूंना चांगलं कळत होतं.

अडचण

९ मार्च २००९ रोजी ओबामांनी आदेश काढून तारखेची अट उठवली आणि नवे नियम करायला एनआयएचला १२० दिवस दिले. आता तारीख गेली, म्हणजे भ्रूण कसा मिळवला हीच पात्रतेची कसोटी उरली.

एप्रिलमधल्या मसुद्यात संमतीच्या बाबी एकेक करून मांडल्या होत्या. जोडप्याला सगळे पर्याय सांगितले का? पैसा किंवा वस्तुरूपात काही दिलं का? दान नाकारलं तर उपचारात फरक पडणार नाही, हे सांगितलं का? या भ्रूणातून स्टेम सेल काढल्या जातील, त्या वर्षानुवर्षं टिकतील, त्यातून कोणाला व्यापारी नफा झाला तर दात्याला वाटा मिळणार नाही, या संशोधनातून दात्याला थेट वैद्यकीय लाभ नाही, हे लेखी दिलं का? यादी रास्त होती, पण ती २००९ सालची होती. १९९८ किंवा २००२ मधल्या कागदांत ही सगळी वाक्यं असण्याचं कारण नव्हतं. मसुदा जसाच्या तसा लागू झाला असता तर थॉमसन यांच्या गटाच्या पाच लाइन्ससुद्धा, ज्यांवर दशकभराचं बरंच काम उभं होतं, बाद होण्याच्या मार्गावर होत्या.

उलट बाजूने, बुश काळातल्या लाइन्सच्या संमतीबद्दल शंका आधीच उघड झाल्या होत्या. २००८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या एका नीतिशास्त्रज्ञाने त्या २१ लाइन्सची मूळ पत्रकं तपासून प्रसिद्ध केली, तेव्हा काहींमध्ये गंभीर त्रुटी निघाल्या. त्यानंतर स्टॅनफर्डसारख्या विद्यापीठाने त्यांतल्या काही लाइन्सचा वापर थांबवला. ‘राष्ट्राध्यक्षांनी मान्य केलेल्या’ यादीची कागदपत्रं सरकारने पुरेशा बारकाईने वाचली नव्हती, हा त्याचा सरळ अर्थ.

समोरचे पर्याय

मसुद्यावर सुमारे ४९,००० अभिप्राय आले. त्यांत संशोधनालाच विरोध करणारे हजारो होते. तो प्रश्न आदेशानेच निकाली निघाला असल्याने एनआयएचने ते बाजूला ठेवले. बाकीच्यांतून तीन रस्ते दिसत होते.

एक, जुनं सगळं माफ. त्या त्या वेळच्या नियमांनुसार, त्या त्या संस्थेच्या एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्या लाइन्स आपोआप मान्य धरायच्या. काम एका दिवसात सुरू झालं असतं. पण ज्या पत्रकांत दोष आहेत हे उघड झालंय, तीही आत आली असती. शिवाय ‘त्या वेळचे नियम’ म्हणजे नेमके कुठले? इस्रायल, स्वीडन, सिंगापूर, अमेरिकेतलं एखादं खासगी क्लिनिक, प्रत्येक ठिकाणचे वेगळे.

दोन, आजची फूटपट्टी सर्वांना. नियम स्वच्छ आणि वाद कमी. पण दात्याने फुकट, मन लावून दिलेलं दान कागदी कमतरतेमुळे कपाटात पडून राहणार. दात्याच्या स्वायत्ततेचा मान राखायचा म्हणून त्याने दिलेली वस्तूच वापरायची नाही, हे म्हणायला ठीक, पण दात्याला विचारलं तर तो काय म्हणेल, हे सांगता येत नाही.

मग दात्यालाच पुन्हा विचारावं, हा विचार अनेकदा पुढे आला. व्यवहारात तो टिकत नाही. पेशी आणि दात्याचं नाव यांच्यातला दुवा तोडणं हा त्या काळी गोपनीयतेचा चांगला शिरस्ता मानला जायचा. दुवा तुटला की परतीचा रस्ताही बंद. जिथे दुवा शिल्लक असेल तिथेही आठ-दहा वर्षांपूर्वीच्या आयव्हीएफ रुग्णांना अचानक पत्र पाठवणं सोपं नसतं: घटस्फोट झालेले असतात, एखादा जोडीदार वारलेला असतो, काहींनी उपचाराबद्दल घरात कोणाला सांगितलेलंही नसतं. दोघांपैकी एकानेच होकार दिला तर काय करायचं, याला उत्तर नाही.

तीन, प्रत्येक जुनी लाइन वेगळी तपासायची. वेळ लागणार, पण फरक करता येणार.

काय ठरलं, काय केलं

७ जुलै २००९ च्या अंतिम नियमांनी तिसरा रस्ता घेतला. त्या तारखेनंतर दान केलेल्या भ्रूणांना पूर्ण यादी लागू. आधीच्या भ्रूणांसाठी दोन मुभा: पूर्ण यादी पाळल्याचा पुरावा द्या, नाहीतर एनआयएचच्या संचालकांच्या सल्लागार समितीचा कार्यगट तुमचं मूळ पत्रक वाचेल. संस्थांना नुसतं प्रमाणपत्र देऊन भागणार नव्हतं, दात्याने ज्यावर सही केली त्या पत्रकाचा कोरा नमुना जोडायचा होता. २००१ मध्ये नेमकं हेच झालं नव्हतं.

२ डिसेंबरला पहिल्या १३ लाइन्स मान्य झाल्या. त्या २००१ नंतर केलेल्या, व्यवस्थित कागदपत्रांच्या होत्या. मग ‘क’ ची फाइल पुढे आली.

‘क’ च्या पत्रकाचा आशय असा होता: या पेशींचा उपयोग भ्रूणातल्या अंतःस्तराच्या (ज्यातून स्वादुपिंडासारखे अवयव बनतात त्या आतल्या थराच्या) वाढीचा, त्यातही मुख्यतः स्वादुपिंड कसं घडतं याचा, अभ्यास करण्यासाठी होईल, आणि मधुमेही रुग्णांमध्ये रोपण करता येतील अशा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तयार करणं हे दूरचं उद्दिष्ट आहे. लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे आपला बेत सांगितला होता. निधी मधुमेहाचा होता, गटाचं काम मधुमेहाचं होतं. दात्याला मोघम न सांगता नेमकं सांगावं, हीच त्या काळच्या एथिक्स कमिट्यांची अपेक्षा असे.

पण दरम्यान या लाइन्स जगभर गेल्या होत्या आणि त्यांतून चेतापेशी, हृदयाच्या पेशी असं बरंच काही बनवलं जात होतं. कार्यगटापुढचा पेच हा होता: ते वाक्य वर्णन आहे की मर्यादा? ‘मुख्यतः’ म्हणजे ‘फक्त’ नव्हे, असा युक्तिवाद करता येतो, आणि तो कमकुवत नाही. दुसरीकडे, घरात मधुमेहाचं मूल असलेलं जोडपं तेवढ्याच एका कारणासाठी तयार झालं असेल, ही शक्यताही नाकारता येत नाही. सल्लागारांनी कागद होता तसा वाचला आणि १४ डिसेंबरला २७ लाइन्स अटीसह मान्य झाल्या.

माझ्या मते हा निर्णय कायद्याच्या वाचनाला धरून होता, पण त्यातून गेलेला संदेश विचित्र होता. पत्रकात नुसतं ‘वैद्यकीय संशोधनासाठी’ असा ढोबळ शब्द असता तर अशी अट घालायला जागाच उरली नसती. ज्याने दात्याला जास्त सांगितलं तो अडकला. त्यानंतर संमतीपत्रं मोघम होत गेली तर नवल नाही. आणि मेंदूच्या संशोधनाला भ्रूण द्यायला नाखूश असलेल्या एखाद्या जोडप्याला ते सांगायला जागाही त्यामुळे उरली नाही.

‘ख’ ची अडचण वेगळ्या जातीची होती. त्यांच्या पत्रकात दात्याने केंद्राला, डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना सर्व प्रकारच्या दाव्यांतून मुक्त केल्याचं कलम होतं. उपचाराच्या पत्रकांत अशी वाक्यं वकिलाने दिलेल्या साच्यातून सर्रास येतात. संशोधनात ती चालत नाहीत: अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार संशोधनात सहभागी होणाऱ्या व्यक्तीकडून तिचे कायदेशीर हक्क सोडवून घेणारी भाषा संमतीपत्रात असूच शकत नाही. केंद्राने आज लिहून दिलं असतं की आम्ही हे कलम कधीच वापरणार नाही, तरी सही करताना दात्यासमोर काय होतं हे बदलत नाही. जून २०१० मध्ये समितीने नकाराची शिफारस केली आणि संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी ती स्वीकारली. दुर्मीळ आजारांच्या लाइन्स सरकारी अनुदानापुरत्या बंद झाल्या. शास्त्रीय किंमत मोठी आहे, हा मुद्दा त्यात तराजूवर ठेवला गेला नाही, आणि ठेवायला नकोच होता. एकदा किंमत पाहून कलम माफ केलं की पुढच्या प्रत्येक केंद्राकडे मौल्यवान पेशी असतात.

निकाल

जुन्या यादीतल्या सर्वांत वापरल्या जाणाऱ्या लाइन्सना पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं. थॉमसन यांच्या गटाच्या लाइन्सपैकी एच१ ला जानेवारी २०१० मध्ये मान्यता मिळाली, एच९ ला एप्रिल उजाडला. मधल्या काळात नवं अनुदान मागणाऱ्यांची पंचाईत अशी की, बुश यांच्या काळात चालणारी पेशी ओबामांच्या ‘खुल्या’ धोरणात तात्पुरती अपात्र होती.

मग न्यायालय आलं. प्रौढ स्टेम सेलवर काम करणाऱ्या दोन संशोधकांनी दावा लावला होता की सरकारी पैसा आपल्याविरुद्धच्या स्पर्धेत जातो आणि तो डिकी-विकरच्याही विरुद्ध आहे. २३ ऑगस्ट २०१० रोजी न्यायाधीश रॉयस लॅम्बर्थ यांनी अनुदानांना अंतरिम मनाई केली. एनआयएचच्या स्वतःच्या प्रयोगशाळांना काम थांबवण्याच्या सूचना गेल्या. गोठवता येतं ते गोठवा, नाहीतर फेका, असा तो आठवडा होता, कारण या पेशींना जवळपास रोज नवं माध्यम द्यावं लागतं. ९ सप्टेंबरला अपील न्यायालयाने मनाईला स्थगिती दिली, एप्रिल २०११ मध्ये २ विरुद्ध १ मतांनी मनाई रद्द केली आणि जुलैमध्ये लॅम्बर्थ यांनीच दावा निकाली काढला. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. १९९९ मधला वकिलांचा अर्थ टिकला. डिकी-विकर मात्र आजही जागच्या जागी आहे, त्यामुळे अमेरिकेत केंद्राच्या पैशाने नवी लाइन काढता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

२००१ मध्ये यादी करताना दोन रकाने पुरले असते: ‘पेशीपुंज काढला’ आणि ‘लाइन सिद्ध झाली’. दुसऱ्या रकान्यात जायला गुणसूत्र-तपासणी, गोठवून पुन्हा वाढवल्याची नोंद आणि संमतीपत्राची प्रत मागता आली असती. मग ‘साठहून अधिक’ हा आकडा बुश यांना भाषणात वापरता आला नसता, हे खरं. तो आकडा मोठा असणं त्या तडजोडीची राजकीय गरज होती.

‘क’ ला पत्रक लिहिताना चौकटी देता आल्या असत्या. पहिला होकार स्टेम सेल काढायला. दुसरा, कोणत्याही वैद्यकीय संशोधनाला की फक्त नमूद आजाराला. तिसरा, इतर संस्थांना आणि कंपन्यांना द्यायला. ज्याने ‘फक्त’ वर खूण केली त्याचे भ्रूण वेगळ्या लेबलाखाली जातात आणि लाइन वाटताना अट सोबत जाते. यात एक त्रास खरा आहे: प्रत्येक कुपीसोबत अट वाहून नेणं पेशीपेढीला जड जातं. म्हणून बऱ्याच पेढ्या विनाअट दानच घेतात आणि ते दात्याला आधी सांगतात. तेही चालतं.

‘ख’ च्या बाबतीत उपाय स्वस्त होता. उपचाराचं आणि संशोधनाचं पत्रक वेगळं छापणं, आणि संशोधनाचं पत्रक कमिटीतल्या अशा एका सदस्याने वाचणं ज्याला फक्त दायित्वमुक्तीची कलमं शोधायची आहेत.

भारतातल्या केंद्रांसाठी यातलं काय लागू पडतं

आपल्याकडे २००७ पासून आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, सध्याची आवृत्ती २०१७ ची. उरलेल्या भ्रूणापासून लाइन काढायला संस्थेची स्टेम सेल समिती आणि एथिक्स कमिटी या दोहोंची पूर्वपरवानगी लागते. १४ दिवसांपलीकडे भ्रूण वाढवायला बंदी आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत किंड-१ आणि किंड-२ या लाइन्स झाल्या, त्याही उंदराऐवजी मानवी पेशींच्या थरावर. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने एक नवी मुदत आणली: भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं साठवायचा, नंतर तो नष्ट होऊ द्यायचा किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा.

याचा अर्थ येत्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या आयव्हीएफ केंद्रांना हजारो जोडप्यांशी पुन्हा बोलावं लागेल. उपचाराच्या पहिल्या दिवशी, इंजेक्शनांच्या आणि खर्चाच्या चिंतेत केलेल्या सहीवर तेव्हा विसंबता येणार नाही. पहिल्या दिवशी फक्त कल विचारावा आणि खरी संमती कुटुंब पूर्ण झाल्यावर, मुदतीच्या आधी पुरेसा वेळ ठेवून घ्यावी. पत्रक मराठीत हवं आणि नवरा-बायको दोघांच्या वेगवेगळ्या सह्या हव्यात. बोलणारी व्यक्ती उपचार करणारी डॉक्टर किंवा पेशी घेणारी संशोधक नसावी. केंद्राची समुपदेशक सर्वांत योग्य. विचार करायला किमान एक दिवस मध्ये जाऊ द्यावा. दान मागे घेता येईल ते कुठल्या टप्प्यापर्यंत, हे स्पष्ट लिहावं: भ्रूण वितळवेपर्यंत घेता येतं, पेशी दुसऱ्या प्रयोगशाळेत गेल्यावर नाही.

एका गोष्टीत घोटाळा होण्याची दाट शक्यता आहे. अनेक जोडप्यांची साठवणीची फी थकलेली असते. ‘भ्रूण संशोधनाला दिलात तर थकबाकी माफ’ हे समोरच्या टेबलावरून सहज म्हटलं जाईल, आणि तो मोबदलाच होतो, रोख दिलेला नसला तरी. म्हणून दानाचं पत्रक फीच्या बिलासोबत एकाच पाकिटात पाठवू नये, आणि थकबाकीचा हिशोब दानाचा निर्णय होण्याआधी, दोन्ही बाजूंनी मिटवून टाकावा.